तोंड कुठं हाय?

पोलादपुरात शांताराम मेस्त्रींच्या गॅरेजात शिंकायला बंदी आहे. शिंक आली की गिऱ्हाइकाने नाक दाबून रस्त्यापलीकडे जायचं. गेल्या दोन वर्षांत मी स्वतः चार वेळा गेलो आहे.

कारण स्टिअरिंगमधली एअरबॅग. मेस्त्री गाड्यांच्या वायरिंगचं काम करतात, साठीचे आहेत आणि या एका वस्तूला विलक्षण भितात. "लोक उशी म्हनतात हिला," ते कुजबुजतात. "आत बार भरलेला हाय, भाऊ. पापनी लवायच्या आत उडतो."

स्टिअरिंग उघडण्याआधी ते बॅटरीची वायर काढतात आणि घड्याळ समोर ठेवून बसतात, कारण त्यानंतरही आत थोडी वीज उरते. कंपनीचं पुस्तक सांगेल तेवढी मिनिटं, वर स्वतःची पाच. मी मोजली आहेत. पावणेपाच कधी झाली नाहीत. सुटी केलेली बॅग ते तोंड अंगापासून बाहेर करून नेतात आणि टेबलावर तोंड वर करून ठेवतात. पालथी असताना फुटली तर अख्खी वस्तूच छपराला जाईल. त्यामुळे "तोंड कुठं हाय?" हे ते आता कुकरलाही विचारतात.

पावसाळ्याआधी आमच्या गाडीचा हॉर्न बिघडला. मेस्त्रींनी दार उघडलं, डाव्या बाजूला डॅशबोर्डवर चिकटवलेला पितळी गणपती पाहिला आणि ते दोन पावलं मागे सरले.

"हा कुनी बसवला?"

"मी," शेजारच्या सीटवरून माझी बायको सुनंदा म्हणाली. "आंबेनळी घाटात भीती वाटते मला." दर शनिवारी आम्ही त्या घाटाने तिच्या आईकडे जातो.

"वहिनी, देवाखाली दुसरी बॅग हाय. गाडी आपटली तर ती फुटनार, नि देव सरळ तुमच्या कपाळात."

"याच्याशिवाय मी घाट चढणार नाही."

"नि याच्यासकट मी चावी देनार नाय."

मला हसू येत होतं. मग सहज वितीने मोजलं. देवापासून सुनंदाच्या कपाळापर्यंत तीन विती भरल्या नाहीत. "काढा," मी म्हणालो.

बॅटरीची वायर, घड्याळ, वरची पाच मिनिटं. मग नायलॉनच्या दोऱ्याने त्यांनी गोंद हळूहळू कापला आणि गणपती कोऱ्या रुमालात घेतला. उपटलेला देव परत घरात न्यायला सुनंदा तयार होईना. "ऱ्हाऊ दे माझ्याकडं," मेस्त्री म्हणाले. त्या शनिवारी घाटभर ती सीटचा पट्टा दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून बसली होती.

दिवाळीनंतर मी एकटाच गॅरेजात गेलो. मेस्त्री मागच्या खोलीत एकटे राहतात, हे तेव्हा कळलं. भिंतीवरच्या फळीवर सतरा देव होते, प्रत्येकापुढे चिठ्ठीवर गाडीचा नंबर. मेस्त्रींच्या हातातली जास्वंद आमच्या गणपतीपाशी थांबली.

"वहिनी बऱ्या हायत ना?"

"बरी आहे."

मगच त्यांनी फूल ठेवलं.

देव सगळे एकाच बाजूला, खिडकीकडे वळवलेले होते. या वेळी मी विचारलं, "यांचं तोंड कुठं आहे?"

"घाटाकडं," मेस्त्री म्हणाले. "तिकडंच जातात ना ह्यांची सगळी मानसं."