चार सांगितली की दमत्यात

हौसाक्काला काही विचारलं आणि उत्तर मिळालं नाही, असं कधी झालं नाही. उत्तर हमखास मिळायचं, लगेच मिळायचं आणि चांगलं ऐसपैस मिळायचं. भानगड एवढीच, की तोच प्रश्न शेजारच्यानं विचारला तर त्याला भलतंच उत्तर मिळायचं, आणि ते आपल्या उत्तरापेक्षा जास्त खरं वाटायचं.

सत्तर सालच्या सुमाराला मी कोल्हापुरात एका ट्रस्टच्या वृद्धाश्रमात कारकून होतो. फुलेवाडीच्या पुढं, उसाच्या फडाला लागून आमची बैठी इमारत. हौसाक्का तिथं आया. हाडापेरानं उंच, हातभर गोंदण, लुगड्याचा ओचा कायम खोचलेला. म्हाताऱ्या माणसांना उठवणं, बसवणं, न्हाऊमाखू घालणं, भरवणं, त्यांचं सगळं करणं हे तिचं काम. मला ती भाऊसाहेब म्हणायची.

मी नवीन असताना एका दुपारी गोदूआजी रडताना दिसल्या. मी हौसाक्काला विचारलं. ती म्हणाली, कांदा चिरत बसल्यात. मला पटलं. स्वयंपाकघरात गेलो तर आचारी म्हणाला, आजी इकडं फिरकल्याच नाहीत, त्यांची दाढ दुखतेय असं हौसाक्कानं सांगितलंय, मी लवंग घेऊन निघालोय. तेवढ्यात आमच्या सिस्टर डोळ्यात घालायचं औषध घेऊन आल्या, कारण त्यांना हौसाक्कानं डोळ्यात कचरा गेल्याचं सांगितलं होतं. शेवटी गोदूआजींच्या तोंडात लवंग आणि डोळ्यात थेंब, अशी अवस्था झाली. या सगळ्या धांदलीत आपण कशाला रडत होतो तेच त्या विसरल्या आणि जेवायला बसल्या. त्या का रडत होत्या हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी हौसाक्काला जाब विचारला. ती बादली घासता घासता म्हणाली, "भाऊसाहेब, सांगत न्हाय म्हटलं की मानसं उकरत बसत्यात. चार सांगितली की दमत्यात."

मला काही समजलं नाही. पण मी दमलो मात्र होतो.

तिच्याबरोबर काम करणाऱ्या सुशीलाबाई नेमक्या उलट. वयानं लहान, चार बुकं शिकलेल्या, कामाला चोख. खोटं म्हणून बोलायच्या नाहीत. सकाळी त्यांना जे दिसायचं ते दुपारच्या चहापर्यंत सगळ्या आश्रमाला ठाऊक झालेलं असायचं. त्यात वाईट हेतू नसायचा. लपवायचं काय त्यात, असं त्यांचं म्हणणं. एकदा एका आजोबांच्या पोटाची तक्रार त्यांनी व्हरांड्यात, आजोबांच्या सुनेसमोर आणि सुनेच्या माहेरच्यांसमोर, मोठ्यानं सांगितली. आजोबा त्यानंतर भूक नाही म्हणून जेवेचनात. तेव्हा नळावर दोघींची जुंपली. हौसाक्काचं एक वाक्य मला ऑफिसात ऐकू आलं. "मानसाचं आंग धुताना जे दिसतंय, ते त्या पान्यासंगट मोरीत गेलं पायजे."

सुशीलाबाई म्हणाल्या, आणि खोटं बोलायचं ते? ते कुठल्या मोरीत टाकायचं?

मला दोघींचंही पटलं. सिस्टरनाही पटलं. त्यामुळे भांडण मिटलं नाही.

पुढं आमच्याकडे गणू वस्ताद राहायला आले. वस्ताद म्हणजे तालमीचे वस्ताद. बायको गेलेली, मूलबाळ नाही. हयात तालमीत गेलेली, कान कुस्तीनं चुरगाळलेले, आवाज अजून तांबड्या मातीतला. दर रविवारी त्यांचे पठ्ठे यायचे. एकेक जण दारातून आडवा आत शिरावा असा, पण वस्तादांच्या खाटेपाशी आला की पाया पडून खाली जमिनीवर बसायचा. वस्ताद त्यांना अजून रागवायचे. पोट सुटलंय, बैठका मारतोस का नुसता ऊस खातोस, असं. ते माना खाली घालून ऐकायचे.

थोड्याच दिवसांत एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. वस्तादांची गादी रोज सकाळी ओली असायची. हौसाक्का ती खांद्यावर टाकून मागच्या अंगणात वाळत घालायची. मी विचारलं तर म्हणाली, माझ्या हातनं तांब्या कलंडला. सुशीलाबाईंना तिनं सांगितलं, छप्पर गळतंय. चैत्र चालू होता. सिस्टरना सांगितलं, शेकायची पिशवी फुटली. आश्रमात शेकायची पिशवी एकच होती आणि ती सिस्टरांच्याच कपाटात होती. सिस्टरांनी कपाट उघडून पाहिलं. पिशवी धड होती. त्या बराच वेळ तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या.

गादी आतून कुजायला लागली. दुसरी दिली, तीही तशीच. सुशीलाबाईंनी सिस्टरांकडे तक्रार केली, की ही बाई कामात हयगय करते आणि वर प्रत्येकाला वेगळं सांगते, हिच्याबरोबर काम करणं मला जमणार नाही. तक्रार खोटी नव्हती. सिस्टरांनी ती कमिटीच्या चिटणिसांकडे पाठवली. चिटणीस इनामदार म्हणून एक सज्जन वकील होते. ते कोर्टातून परस्पर आले आणि ऑफिसात चौकशी बसली. ते, सिस्टर, सुशीलाबाई, उभी हौसाक्का, आणि लिहून घ्यायला मी.

इनामदारांनी विचारलं, गादी कशानं भिजते. हौसाक्का म्हणाली, तांब्या कलंडतो. सुशीलाबाई म्हणाल्या, मला छपराचं सांगितलं होतं. हौसाक्का म्हणाली, छप्पर पण गळतंय. इनामदार म्हणाले, पाऊस नसताना? ती म्हणाली, वर मांजराचं पाणी असतं. मांजराचं म्हणजे, असं इनामदारांनी विचारलं, तेव्हा मांजराला आपण वर पाणी ठेवतो आणि ते मांजर सांडतं, अशी माहिती मिळाली. आश्रमात मांजर आहे का, हे इनामदारांनी सिस्टरना विचारलं. सिस्टर म्हणाल्या, आहे, पण ते छपरावर जात नाही, म्हातारं आहे. इनामदार काही वेळ मांजराच्या वयाबद्दल विचारत राहिले. मग एकदम त्यांच्या लक्षात आलं, की आपण वकील आहोत.

ते म्हणाले, बाई, खरं काय ते सांगा, नाहीतर मला तुम्हाला कामावरून काढावं लागेल.

हौसाक्कानं पदर नीट केला. तिचा चेहरा मी तेव्हा प्रथमच असा पाहिला. सांगायला पाचवं काही तिच्याजवळ उरलं नसावं. ती एवढंच म्हणाली, की काढा मग.

त्याच वेळी दारात काठी वाजली. वस्ताद उभे होते. व्हरांड्यातून भिंत धरत धरत आले असावेत, धाप लागली होती. इनामदार आपोआप उठून उभे राहिले. लहानपणी त्यांनी वस्तादांच्या कुस्त्या पाहिल्या होत्या.

"सायेब," वस्ताद म्हणाले, "गादी मी भिजवतो. झोपंत कळत न्हाय मला. हिच्या हातनं तांब्या कलंडत न्हाय."

कुणी कुणाकडे बघेना. मी टाकाकडे बघत राहिलो. सुशीलाबाईंचा हात तोंडावर गेला.

आणि मग हौसाक्का जे बोलली, त्यानं माझ्या डोक्यातला गुंता पुरा झाला. ती शांतपणे म्हणाली, "वस्ताद खोटं बोलत्यात सायेब. वय झालंय त्येंचं. चूक माझीच हाय."

वस्ताद म्हणाले, हौसा, बास कर. ती म्हणाली, तुम्ही खोलीत जावा. ते म्हणाले, तुझी नोकरी जाते. ती म्हणाली, जाऊ दे की. दोघंही गुन्हा आपल्याकडे ओढत होते आणि कुणीच सोडायला तयार नव्हतं. इनामदारांनी वस्तादांना हात धरून आपल्या खुर्चीवर बसवलं, त्यांना पाणी दिलं आणि चौकशी संपल्याचं सांगितलं. कोण कामावर आणि कोण नाही, हे मी विचारलं. ते म्हणाले, सगळे कामावर. काय लिहू, असं विचारलं, तर जरा वेळ खिडकीबाहेर बघून म्हणाले, तांब्या कलंडला, असं लिहा.

आठवड्यानं आमचे डॉक्टर आले तेव्हा बोलण्यातून कळलं, की त्यांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हौसाक्कानं त्यांना फाटकाशी गाठून एकदाच, एकच आणि खरंच सांगितलं होतं, आणि त्यांचं औषधही तिच्याच हातून गुपचूप चालू होतं. गादीवर घालायला त्यांनी मेणकापडही सांगितलं होतं, पण पठ्ठ्यांना दिसेल म्हणून वस्ताद ते घालू देत नव्हते. मग चौकशीत डॉक्टरांचं नाव का घेतलं नाही, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, त्यांना बोलावलं असतं, त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं असतं, मग इतके दिवस तांब्या कशाला कलंडवला आणि मांजर कशाला नाचवलं?

मेणकापड शेवटी सुशीलाबाईंनी घातलं. कुणी सांगितलं नव्हतं. वर जाड वाकळ घालून चारी बाजूंनी अशी खोचली, की रविवारी पठ्ठे खाटेला टेकून बसले तरी कुणाला काही कळलं नाही. हौसाक्का मात्र पुढं बरेच दिवस वस्तादांशी बोलत नव्हती. भरवायची, उठवायची, पाय दाबायची, पण तोंडातून शब्द नाही. तुम्हाला कुणी सांगितलं होतं मधी बोलायला, एवढंच एकदा म्हणाली. एवढा मोठा गडी, ती रागावली की गप खाली बघून जेवायचा.

त्या वर्षीच्या दिवाळीची गोष्ट. भाऊबीजेला माझी बहीण आली होती, तिला बसवून द्यायला मी एस.टी. स्टँडवर गेलो. तुडुंब गर्दी. बहिणीची गाडी हलली आणि मी वळलो, तर पलीकडच्या बाकावर हौसाक्का बसलेली. नवीन लुगडं, मांडीवर कापडात बांधलेला डबा. दर दिवाळीला ती तेवढी एक सुट्टी घ्यायची. आजऱ्याला लेकीकडे जाते, असं तिनं मला सांगितलं होतं.

समोर आजऱ्याचीच गाडी लागली होती. मी आपला बघत राहिलो. कंडक्टरनं दोनदा पुकारा केला, माणसं कोंबली गेली, गाडी सुटली. हौसाक्का उठली नाही. मला वाटलं, तिचं लक्ष नसेल. पण ती खिडकीतल्या माणसांकडे नीट बघत होती. एका पोरानं खिडकीतून हात हलवला तर तिनंही हलवला. मग कुरुंदवाडची गाडी लागली. ती गेली. मग पेठ वडगावची आली, तीही गेली.

मी जवळ गेलो तेव्हा ती दचकली. म्हणाली, गाडी लेट हाय. मी म्हणालो, दिवाळीत असंच असतं. आणि तिच्याशेजारी बसलो. चहा मागवला. तिनं डबा सोडला आणि एक करंजी माझ्या हातावर ठेवली. लेकीसाठी केल्यात, म्हणाली. मी खाल्ली. चांगली झाली होती. तिनं दुसरी दिली, मी तीही खाल्ली.

बराच वेळ गेला. माझ्या घरी चला, असं मी म्हणून पाहिलं. ती नको म्हणाली. येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत ती म्हणाली, "हितं मानसं लई असत्यात की. बरं वाटतंय."

लेक होती का, होती आणि गेली का, की मुळात नव्हतीच, मला आजही ठाऊक नाही. त्या दिवशी मी विचारलं नाही. विचारलं असतं तर काहीतरी सांगितलं असतं तिनं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सुशीलाबाई फराळाचं घेऊन आल्या. हौसाक्काला काल कुणी स्टँडवर पाहिलं म्हणतात, खरं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, हो, मीच तिला आजऱ्याच्या गाडीत बसवून दिलं. त्या म्हणाल्या, मला तर ती वडगावला लेकाकडे जाते म्हणाली होती.

मी म्हणालो, आजऱ्याची गाडी हल्ली वडगाववरून जाते.

आजरा कोल्हापूरच्या दक्षिणेला आणि वडगाव उत्तरेला, हे त्यांना माहीत होतं. त्यांचं माहेरच वडगावच्या बाजूचं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग चिवड्याची बशी माझ्यापुढे सरकवून, हळूच म्हणाल्या, हो, जात असेल.

त्यानंतर दुपारच्या चहाला मी मुद्दाम कान देऊन बसलो. हौसाक्काच्या दिवाळीबद्दल आश्रमात कुणीच काही बोललं नाही.