साटम सर यांच्या गॅलरीतील आवाजाबाबत

निवेदन करणार: मी, व्यवसायाने लोकांचे अर्ज लिहून देणारा, राहणार मुलुंड पूर्व. ज्यांच्याविषयी: श्री. साटम सर, शेजारी, कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक. वेळ: रोज सायंकाळी सात. साक्षीदार: माझी पत्नी व वरच्या मजल्यावरील नाईककाकू.

सदर इसम गॅलरीत बसून मोबाइलवर स्वतःचाच आवाज ऐकतात. "समजलं? पुढे." एवढे झाले की थांबवतात, वहीत टिपतात आणि पुन्हा तेच लावतात. माणूस स्वतःवर पाळत ठेवील, हे मला पटण्यासारखे नव्हते. सोसायटीविरुद्ध पुरावे गोळा होत असल्याचा रास्त संशय मला आला.

"माझ्या कुंडीचं पाणी पडतं ना त्यांच्याकडे, तेच लिहीत असणार मेले!" नाईककाकूंनी जबाब दिला.

गेल्या रविवारी सर स्वतःच कागद घेऊन दारात. "भाऊ, जरा चांगल्या भाषेत करून द्या."

कॉलेजात दरवर्षी शिक्षकाने स्वतःच्या शिकवण्याचे मूल्यमापन लिहून द्यायचे असते. बाकीचे 'उत्कृष्ट' लिहून मोकळे होतात. सरांनी वर्गातले आपले तास मोबाइलवर टेप केले आणि ते ऐकून लिहिले होते, 'समजलं का विचारतो, उत्तरासाठी थांबत नाही.' विभागप्रमुखांनी तो कागद सुधारण्यासाठी परत पाठवला होता.

"सर, स्वतःविरुद्ध कोणी अर्ज देतं काय? बढती अडेल ना!"

"अडू दे."

"खरं सांगा, कोणाला अडकवायचंय?"

त्यांनी मोबाइल माझ्या कानाशी धरला. "समजलं?" आणि "पुढे" यांच्या मध्ये एका मुलीचा बारीक आवाज होता: "सर, एक..."

मी ते तीनदा लावायला सांगितले. आवाज मागाहून घातलेला नव्हता.

"वर्गात मला ऐकूच आलं नाही हो," सर म्हणाले. "घरी आल्यावर ऐकलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, कोण होतं? कोणी बोलेना. आता विचारायलाच घाबरत असेल."

तरीही मी वही तपासायला मागितली. तीत कुंडीचा उल्लेख नव्हता. ती मुलगी काय विचारणार असेल, याचे पानोपानी अंदाज होते आणि प्रत्येक अंदाजाखाली सविस्तर उत्तर.

मी भाषा तेवढी नीट केली. दोष एकही खोडला नाही. वर्गाच्या दारावर लावण्यासाठी एक वेगळा कागद माझ्या अधिकारात लिहून दिला, तो असा:

सबब, सदर विद्यार्थिनीस विनंती की, तिने आपले वाक्य पूर्ण करावे. सर तास संपल्यावर रोज वर्गात थांबलेले असतात. मध्येच बोलणार नाहीत, याची हमी मी घेतो. कृपया उत्तर मिळावे.