मापाला उभी माणसं

कदम सरांच्या संग्रहात माझे निदान चाळीस फोटो असतील आणि त्यांतल्या एकाचाही विषय मी नाही. मी कुठं दरडीशेजारी उभा आहे, कुठं विहिरीच्या काठाला, एकदा तर रस्त्यात उन्मळून पडलेल्या वडाजवळ. सर भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. छावणी भागात आमच्या शेजारीच राहतात. वस्तूशेजारी माहीत उंचीचं माणूस उभं केल्याशिवाय ते कॅमेऱ्याचं बटण दाबत नाहीत. "नुसत्या खडकाचा फोटो म्हणजे अफवा," असं त्यांचं म्हणणं. माझी उंची पाच फूट साडेपाच इंच. एकदा मी साडेसहा सांगितली, तर सर टेप घेऊन घरी आले.

शहागंजात कपाट घ्यायला गेलो, तेव्हा त्यांनी दुकानदार नसीमभाईंनाच कपाटाशेजारी उभं केलं.

"टेकू नका. चपला काढा, चपलेनं इंच वाढतो."

"सर, अलमारी लेरे की मेरेकू?"

"उंची किती तुमची?"

"घरवालीकू पूछना पडता!"

कपाट घेतलं नाही. फोटो मात्र उत्तम आला.

यंदा विद्यापीठाच्या अभिलेखागारानं सरांचे फोटो जतन करायला मागितले. सर इतके खूश झाले, की पेट्या पोचवायला निघताना त्यांनी चक्क शर्टाला इस्त्री केली. महिनाभरानं तिथल्या शेख मॅडमनी बोलावलं, म्हणून आम्ही दोघं गेलो. कॉम्प्युटरवर चितेगावच्या पुढच्या ओढ्याकाठचा काळा कडा होता. खडकाचे थर अगदी स्वच्छ दिसत होते.

"बघा सर, किती छान झालाय! मधे एक बाई येत होत्या, कितीतरी फोटोंत त्याच. लोकांना दाखवायच्या प्रतींतून काढून टाकणार आहोत."

"आधीचा दाखवा," सर म्हणाले.

आधीच्या फोटोत वहिनी होत्या, सरांच्या पत्नी. हातात जेवणाचा डबा, डोळ्यांवर ऊन, चेहरा साफ वैतागलेला. "लोकांचे नवरे महाबळेश्वरला नेतात, आमचे चितेगावला," असं त्या आम्हाला सांगायच्या. त्यांना जाऊन चार वर्षं झाली.

"मग कडा केवढा आहे, हे कळणार कसं?" सर कडाडले. "चार फूट अकरा! आयुष्यभर हेच माप वापरलंय मी."

मॅडम बिचाऱ्या घाबरल्या. "राहू देते, सर. खाली लिहिते, मापासाठी उभी व्यक्ती."

"व्यक्ती नाही. शालिनी कदम. आणि खाली नाही, विषय म्हणून लिहा."

"पण सर, विषय तर खडक आहे ना?"

मला वाटलं, आता तासाभराचं व्याख्यान होणार. सर पडद्याकडं बघत राहिले.

"खडकाचं काय, मॅडम," ते हळूच म्हणाले, "तो अजून तिथंच आहे. कुणालाही जाऊन बघता येतो."