जादा ‘जी’ काढून टाकण्याबाबत

पुनावळ्याच्या पलीकडे, महामार्गाच्या अंगाला आढाव वस्ती आहे. तिथे आढावांची बावीस घरे आहेत आणि गाढव एकही नाही. ही वस्तुस्थिती सुरुवातीलाच नोंदवून ठेवलेली बरी, कारण पुढे तिच्याविषयी शंका उपस्थित झाली.

शंका उपस्थित केली ‘पुढचा थांबा’ नावाच्या ॲपने. बसचे मार्ग सांगणारे हे ॲप मोफत होते आणि कोणा कंपनीचे नव्हते. हौशी मंडळींनी मिळून ते बनवले होते; ज्याला चूक दिसेल त्याने ती स्वतःच दुरुस्त करावी, अशी त्यांची उदार भूमिका होती. त्यांच्यापैकी कोणाच्या तरी हातून थांब्याचे नाव इंग्रजीत टाइप करताना ‘आढाव’च्या आधी एक ‘जी’ जादा पडला. ॲपने तो इमानेइतबारे मराठीत आणला.

तेजस्विनीच्या लग्नाच्या बोलणीसाठी दिघीहून पाहुणे आले, तेव्हा मुलाचे मामा साहेबराव मोबाइल हातात धरून बसमधून उतरले. मुलीचे वडील लक्ष्मणराव आढाव फेटा बांधून स्वागताला पुढे झाले. तेवढ्यात मोबाइल गोड आवाजात म्हणाला, “आपण गाढव वस्तीत पोहोचला आहात.” साहेबराव इतके हसले, की त्यांना पाणी द्यावे लागले. सोयरीक जमली, पण दिघीत ‘गाढव वस्तीचे व्याही’ हे नाव जे पडले ते पडले.

पाहुणे गेल्यावर लक्ष्मणरावांनी फेटा उतरवला आणि सुनेला हाक मारली. “जयमाला, कंपनीत चुका काढायचाच पगार घेती ना तू? मग ही काढ.”

जयमाला चाकणच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होती. केसभर वाकडा भाग दिसला, की ती त्याला लाल चिठ्ठी लावी आणि दहा मिनिटांत तो लाइनीवरून हाले. एका अक्षराचे ते काय! “रविवारी करून टाकते, मामा,” ती सासऱ्यांना म्हणाली.

ॲपच्या पानावर सर्वांत वर लिहिले होते : ‘नवीन योगदानकर्त्यांचे मनःपूर्वक स्वागत!’ त्याखाली स्वागताच्या अटी होत्या. त्यांची एकेचाळीस पाने होती. जयमालाने पाच रविवार घालवून ती वाचली, सदस्यांशी सौजन्याने वागण्याच्या कबुलीपत्रावर सही केली, लॅपटॉपमध्ये सांगितलेली अकरा साधने बसवली, ‘जी’ पुसला आणि दुरुस्ती पाठवली. नऊ सेकंदांत यंत्राचे उत्तर आले : ‘आपल्या उत्साहाबद्दल आभार! आधी तक्रार नोंदवलेली नसल्याने ही दुरुस्ती बंद करण्यात येत आहे.’

तिने तक्रार नोंदवली. उत्तर आले, की हीच तक्रार रोहिदास नावाच्या सदस्याने तीन वर्षांपूर्वी केलेली असल्याने ही बंद करण्यात येत आहे. तिने रोहिदासची तक्रार शोधून काढली. साठ दिवस तिच्यावर कोणी काही न बोलल्यामुळे तीही बंद होती, आणि बंद तक्रारीवर बोलण्याची सोय नव्हती.

दुरुस्त्या मंजूर करण्याचा अधिकार तिघांना होता. त्यांपैकी निगडीचा गणराज दर शनिवारी नवख्यांशी व्हिडिओवर बोलत असे. तो अत्यंत सभ्य होता. त्याच्याशी भांडता येत नसे, ते त्यामुळेच.

“ताई, सुरुवात फार छान केलीत,” तो म्हणाला. “तुमची दुरुस्ती मी पुन्हा उघडतो. फक्त पुरावा जोडा.”

“कसला पुरावा?”

“की ते आढाव आहे आणि गाढव नाही.”

शेजारी बसलेले लक्ष्मणराव पडद्यासमोर सरकले. “ह्यो बघ पुरावा. मी आढाव हाय. माझा बाप आढाव व्हता.”

“काका, तुमच्याबद्दल आदर आहेच. पण आमच्या नियमांत व्यक्ती ग्राह्य धरत नाहीत. सार्वजनिक ठिकाणची पाटी चालेल.”

थांब्यावर पाटी नव्हती. जयमालाने संबंधित कार्यालयात पाटीसाठी अर्ज केला. इकडे ॲपवर तिच्या दुरुस्तीची चर्चा रंगली. रोज तीनशे लोक ‘गाढव वस्ती’ शोधतात, त्यांची गैरसोय होईल, असे एकाने आकडेवारीसह दाखवून दिले. गाढव म्हटल्याने अपमान होतो हे गृहीतच मुळात गाढवांवर अन्यायकारक आहे, असे परदेशातल्या एका सदस्याने कळवले. त्याला सत्तावन्न जणांनी अंगठे उंचावून पाठिंबा दिला. दुरुस्तीने इतर काही बिघडत नाही हे सिद्ध करणारी चाचणी जोडावी, असे तिसऱ्याने सुचवले. जयमालाने यूट्यूबवर शिकून चाचणी लिहिली. ती पास झाली. त्यावर ‘चाचणी फारच सोपी आहे’ असा शेरा आला.

सातव्या महिन्यात थांब्यावर पाटी आली. लक्ष्मणरावांनी पुन्हा फेटा बांधला, नारळ फोडला आणि पाटीवरचे फडके ओढले. निळ्या पत्र्यावर पांढऱ्या, ठसठशीत अक्षरांत लिहिले होते : गाढव वस्ती.

“हे नाव कुठनं आणलं रं?” लक्ष्मणरावांनी ठेकेदाराच्या माणसाला विचारले. त्यांचा आवाज चढला नाही, याचीच जयमालाला भीती वाटली.

“ॲपवरनं, आबा. ऑफिसात आढाव नावाची नोंदच मिळंना.”

जयमालाने तिथल्या तिथे पाटीचा फोटो काढला आणि ‘बघा, तुमच्या चुकीने काय झालं’ असे लिहून ॲपवर पाठवला. यंत्राला राग कळत नव्हता; फोटो कळत होता. नऊ सेकंदांत उत्तर आले : ‘सार्वजनिक पाटीचा पुरावा प्राप्त. थांब्याचे नाव गाढव वस्ती असल्याचे सिद्ध होत आहे. दुरुस्ती फेटाळण्यात येत असून पुराव्याचा फोटो आपले पहिले योगदान म्हणून स्वीकारण्यात येत आहे. अभिनंदन!’ खाली एक सोनेरी पदक गरगर फिरत होते. खोटे कशाला सांगा, ते पाहून जयमालाला क्षणभर बरेच वाटले. मग तिची तिलाच इतकी लाज वाटली, की शनिवारची वाट न पाहता तिने गणराजला फोन लावला.

“ताई, वाईट मलाही वाटतंय,” गणराज म्हणाला. “पण आता पाटीच आली म्हटल्यावर...”

“किती लोक वापरतात हो हे ॲप?”

“चार लाख.”

“आणि त्यांतल्या कुणालाच ही चूक दिसत नाही?”

“दिसते की! रोज कुणी ना कुणी हसून फोटो पुढे पाठवतं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आला होता. मी पण तो...” गणराज थांबला.

“आणि दुरुस्ती किती जणांनी पाठवली?”

“दोघांनी. रोहिदासने, आणि तुम्ही.”

फोन स्पीकरवर होता. लक्ष्मणरावांनी फेटा सोडून मांडीवर घेतला आणि त्याची नीट घडी घालत ते म्हणाले, “ठिव फोन, जयमाला. त्यांचं नाव बराबर हाय, हद्द तेवढी चुकलीय. आमची बावीस घरं आन् त्यो रोहिदास वगळायचा. बाकी समदी वस्ती त्याच नावाची. हसणारी धरून.”