दोरीपलीकडची खवणी

माणसं जोखावीत तर मीच! समोरच्याच्या जमेला काय आणि नावे काय, हे मी पाच मिनिटांत टिपतो. सिंगापूरच्या ऑफिसातल्या रोहाना मॅडमच्या जमेला मी एकच ठळक गोष्ट टिपली होती. आपल्या मलाय परंपरेचा दांडगा अभिमान!

साल हेच, २००७. हिंजवडीच्या कंपनीनं मला वर्षभरासाठी तिकडं धाडलं होतं. वर्ष संपत आलं होतं. मला आणखी वर्षभर ठेवायचं की परत पाठवायचं, हे मॅडम सोमवारी ठरवणार होत्या. मी शनिवारचाच मुहूर्त धरला. म्हटलं, "मॅडम, मलाय वारशाचं संग्रहालय बघायचंय. पण तुमच्याकडून समजून घेत!"

मॅडम विरघळल्या. "माझ्या आईलाही आणते," म्हणाल्या.

माझ्या पदरी मात्र सासूबाई होत्या! भिमाबाई, मुक्काम नांदे. येऊन तीन आठवडे झाले होते आणि सिंगापूरच्या सतरा चुका काढून झाल्या होत्या.

"यांना घरीच ठेवू या," मी बायकोच्या, किमयाच्या कानात म्हणालो.

"आई घरी, तर मीही घरी!"

झालं! वरात निघाली.

"आई, तिथं कशालाही हात लावायचा नाही," मी दारातच बजावलं.

"मी काय ल्हान हाय व्हय, पाव्हणं?"

पहिली दोन दालनं झकास गेली. सासूबाई आणि किमयाची मॅडमशी मी ओळखच करून दिली नव्हती, दोघींना चार पावलं मागंच ठेवलं होतं. होड्या झाल्या, जरीची वस्त्रं झाली, नागमोडी खंजीर झाले. मी मोजून नऊ वेळा 'वा!' म्हटलं. मॅडमचा चेहरा दर 'वा'ला उजळत होता. मनातल्या मनात मी पुढच्या वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर टांगलंसुद्धा!

तिसऱ्या दालनात जुनं स्वयंपाकघर मांडलं होतं. चूल, पाटा-वरवंटा, मातीची मडकी. आणि मधोमध, पायांवर उभी, बसक्या पाटासारखी लाकडी खवणी, तोंडाला दातेरी लोखंडी जीभ.

सासूबाई थबकल्या. "आगं बया! ही तर आपली खवणी!"

"हो आई. पुढं चला."

"आन् काम झाल्यावर उभी ठिवलीया? भांडनं लागत्यात घरात!"

"आई, हे घर नाही, संग्रहालय आहे!"

"चूल हाय, पाटा हाय. घर न्हाई तर काय मारुतीचं देऊळ हाय?"

मी मॅडमना दहावा 'वा!' द्यायला वळलो. तेवढ्यात कुंपणाखालून शेळी शिरावी तशा सासूबाई दोरीखालून शिरल्या! खवणी आडवी केली, तिचं तोंड भिंतीकडं फिरवलं, वर पदरानं धूळही पुसली!

भोंगा असा कोकलला, की जणू मुळशीचं धरणच फुटलं! दोन रखवालदार धावत आले.

"वराडू नगा! झालं माजं काम!" सासूबाईंनी त्यांनाच दटावलं. किमया खांबाआड गेली.

"या बाई कोणाबरोबर आल्यात?" रखवालदारानं इंग्रजीत विचारलं.

एका पारड्यात सासूबाई, दुसऱ्यात सिंगापूरचं अख्खं वर्ष. मी क्षणात हिशेब केला आणि ठणकावून सांगितलं, "मी यांना ओळखत नाही!"

तेवढ्यात मॅडमच्या आई पुढं आल्या. आडवी खवणी बघून खुदकन हसल्या आणि लेकीशी बराच वेळ मलायमध्ये बोलल्या. मॅडमनी रखवालदारांची माफी मागितली. मग आम्हाला म्हणाल्या, "आई म्हणते, माझी आजीसुद्धा काम झालं की खवणी अशीच भिंतीकडं तोंड करून ठेवायची! आईला या बाईंशी बोलायचंय. कोण आहेत या?"

"माझी आई!" खांबाआडून किमया कडाडली. "आणि जे त्यांना ओळखत नाहीत ना, ते त्यांचे जावई!"

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मला पाच मिनिटं लागतात. त्यांना पाच सेकंद पुरले.

तोवर दोन्ही म्हाताऱ्या बाकावर बसल्या होत्या. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला मलाय. तरी नारळ कसा खवायचा, यावर हातवारे करत कडाक्याचा वाद रंगला होता!

सोमवारी निकाल लागला. मॅडमच्या आईंनी ईदपर्यंत आपल्याकडं थांबायचा आग्रह धरला आणि सासूबाईंचा मुक्काम महिनाभर वाढला. किमयाही सोबतीला थांबली. माझा मुक्काम मात्र वाढला नाही.

सध्या मी नांद्यात सासुरवाडीचं घर राखतोय. काल फोन आला. "पाव्हणं, खवणी आडवी ठिवलीया न्हवं?"

"म्हणजे काय, आई!" मी छातीठोकपणे म्हणालो. आणि फोन कानाला तसाच धरून, पायाचा आवाज न करता स्वयंपाकघरात गेलो.