नळावरचा सामाजिक करार

'राजकीय विचार' या पेपरात जयदेव लागोपाठ दोनदा आपटला होता आणि त्याचं खापर तो चाळीच्या नळावर फोडायचा. त्यात अगदीच खोटं नव्हतं. सत्त्याऐंशी साली अंबरनाथला, शिवमंदिराच्या रस्त्यावरच्या त्या चाळीत पहाटे पाचला पाणी यायचं. रांगेत माणसं नाही, हंडे उभे राहायचे. कोणाचा हंडा कोणी मागे सरकवला की जे रण पेटायचं, त्यात जयदेवचं वाचन बुडायचं. यंदाही नापास झाला तर मामा त्याला आनंदनगरच्या कंपनीत चिकटवणार होता, आणि मामा बोललेलं करणारा माणूस होता.

परीक्षेला महिना उरला असताना उपाय पुस्तकातच सापडला. राज्य नव्हतं तेव्हा माणसं एकमेकांच्या उरावर बसायची. मग सगळ्यांनी करार केला, आपले हक्क एकाच्या हाती दिले आणि सुखाने राहिली. हे तर आपल्या नळाचंच वर्णन, जयदेवला वाटलं. रविवारी त्याने चाळ गोळा केली आणि वहीतून करार वाचून दाखवला. नळावर एकाचाच शब्द अखेरचा. तो सगळ्यांनी पाळायचा. आणि एकदा दिलेली सत्ता परत मागायची नाही.

"हे शेवटचं कशाला?" शेजारच्या हरिचंद्रने विचारलं.

"पुस्तकात तसंच आहे, दादा."

सत्ता कोणाला द्यायची यावर तासभर भांडण झालं. शेवटी एकटी राहणारी, दोन कळशांत भागवणारी, कोणाच्या अध्यात ना मध्यात अशी बनूबाई सगळ्यांना चालली. सह्या झाल्या, अंगठे उठले.

दुसऱ्या दिवशी बनूबाई स्टूल घेऊन नळाशी बसली. "हंडे उचला. पाणी पायजे त्यानं सोता उभं रावायचं." नळ चिडीचूप झाला. जयदेव खूश होऊन पुस्तक उघडतो तोच हाक आली. "जयदेव, वही आण. कोणी किती हंडे भरले ते लिव."

"काकी, माझा अभ्यास आहे."

"वही तुझी, करार तुझा. मला कुठं लिवता येतं?"

तेव्हापासून सातला पाणी जाईपर्यंत जयदेव रोज नळाशी उभा. चाळीत शांतता नांदू लागली, फक्त ती त्याच्या वाट्याला येईना.

परीक्षेच्या दिवशी पहाटे पाणी आलंच नाही. आलं ते साडेनऊला. पेपर उल्हासनगरच्या कॉलेजात, अकराला.

"काकी, आज सोडा मला. पेपर आहे."

"शेवटचा हंडा भरंपर्यंत वही बंद व्हायची नाय. माझा शब्द अखेरचा, तूच लिवलंस."

"हा जुलूम झाला. असं केलं तर लोकांना सत्ता काढून घ्यायचा हक्क असतो."

"असं कोण म्हनतं?"

"दुसरा एक विचारवंत. पुढच्या प्रकरणात."

"मग करारात का नाय घातलंस?"

जयदेवने खरं ते सांगून टाकलं. "ते प्रकरण मी ऑप्शनला टाकलंय."

"मग लिव. मालिनी, दोन हंडे."

पंचवीस मिनिटं उशिरा, घामाघूम होऊन तो परीक्षेला बसला. पहिलाच प्रश्न सक्तीचा, वीस मार्कांचा: जुलमी सत्तेविरुद्ध बंड करण्याचा हक्क जनतेला आहे काय? प्रकरण तेच, न वाचलेलं. पण जयदेवला पुस्तक लागलंच नाही. त्याने पोटतिडकीने सात पानं लिहिली, वर पुरवणी मागितली. बनूबाईचं नाव तेवढं गाळलं.

निकाल लागला आणि जयदेव चक्क पास झाला. मामाने कंपनीचा विषय सोडला. त्याच संध्याकाळी जयदेवने पेढे वाटायला चाळ गोळा केली आणि नवा करार पुढे केला. बनूबाईची सत्ता रद्द.

"कशाला?" पेढा उचलत मालिनी म्हणाली. "भांडण नाय, तंटा नाय. सगळ्यांना पाणी मिळतंय." हरिचंद्रनेही मान डोलावली. जयदेवने आशेने आईकडे पाहिलं.

"राहू दे रे," गयाबाई म्हणाली. "त्या बाईमुळे जन्मात पहिल्यांदा तू रोज पहाटे उठतोस."

बनूबाईने पेढा संपवला आणि त्याच्या पाठीवरून मायेने हात फिरवला. "पास झालास, लय बरं वाटलं बघ. तुला बंड करायचं ना, खुशाल कर. पन सातनंतर. पाचला वही पायजे."