किरकोळ सुधारणा

जगात कोणताही बदल विनाकारण होत नाही. आणि ज्याच्यावर तो बदल होतो त्याला ते कारण न सांगण्यामागेही तेवढेच सबळ कारण असते. कारणे सांगत बसले तर बदल करायला वेळ कधी मिळणार? फोन बनवणाऱ्या कंपन्यांनी हे फार लवकर ओळखले. (संसार करणाऱ्यांनी त्याच्याही आधी ओळखले होते, पण त्यांना ते निभावता आले नाही.)

हे सत्य ज्यांना कधीच पचले नाही, अशा एका गृहस्थांची ही हकिकत आहे. नोकरीत असताना ते लिफ्ट तपासनीस होते. कचेरीत त्यांना सगळे कारणसाहेब म्हणत. तोंडावर नुसते साहेब. लिफ्टच्या कामात एक शिस्त असते. वर मशीनच्या खोलीत भिंतीला एक कार्ड टांगलेले असते. लिफ्टला ज्याने हात लावला त्याने काय केले आणि का केले, हे त्यावर लिहून सही करायची. इतर तपासनीस दोर बघत, ब्रेक बघत आणि निघता निघता कार्डावर नजर टाकत. कारणसाहेब आधी कार्ड बघत. 'का' या रकान्यात 'गरजेनुसार' असे दिसले की ते विचारत, "गरज कोणाची?" आणि उत्तर येईपर्यंत लिफ्टला सील. त्यांच्या कारकिर्दीत शहरात एकाही लिफ्टला अपघात झाला नाही. (चालूच कमी होत्या.)

अशीच एकदा त्यांनी स्वतःच्या थोरल्या बहिणीच्या इमारतीतली लिफ्ट बंद केली. कोणीतरी दोरांना वंगण लावले होते. उत्तम लावले होते, हे त्यांनाही मान्य होते. पण का लावले ते लिहिले नव्हते. ताई राहायची तिसऱ्या मजल्यावर, आणि तिचा उजवा गुडघा तिच्यापेक्षा म्हातारा होता. लिफ्टला सील ठोकून साहेब तसेच तिच्याकडे चहाला गेले. एवढ्या काटेकोर माणसाच्या हातून एवढा अविचार पुन्हा कधी झाला नाही.

"बारक्या, लिफ्ट तू बंद केलीस?" ताईने विचारले.

"नियमाने बंद झाली, ताई."

"बरं. मग जिना उतर आता. नियमाने."

चहा मिळाला नाही. बोलणेही तेव्हापासून बंद झाले. लिफ्ट यथावकाश सुरू झाली, साहेब यथावकाश निवृत्त झाले, पण या एका सीलकडे कोणी फिरकले नाही. ती म्हणे, त्याने फोन करावा. हे म्हणत, तिने करावा, कारण दार तिने दाखवले. तरीही साहेबांनी आपल्या फोनमध्ये ताईच्या नावाला वेगळी घंटा लावून ठेवली होती, सायकलची. लहानपणी ताई त्यांना मागे बसवून शाळेत न्यायची, त्या सायकलची घंटा अशीच किणकिणायची. फोनमधली मात्र कधीच वाजली नव्हती. शेजारी कोणी चमचा पाडला तरी साहेब मान वर करत.

आणि एके सकाळी फोन सुधारला.

पडद्यावर मजकूर होता: 'आपला फोन अद्ययावत झाला आहे. किरकोळ दोष दूर केले असून एकूण अनुभव सुधारला आहे.' साहेबांनी तो दोनदा वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"कोणते दोष, ते लिहिलेलं नाही," ते सुनेला म्हणाले.

"अपडेट आहे ते, बाबा. त्यात काय लिहायचं?"

"काय केलं, का केलं."

"सुधारलंय म्हणतात ना."

"काय सुधारलंय?"

"ते आपल्याला कळत नसतं. थोडे दिवस त्रास होतो, मग सवय होते." (सून दातांच्या दवाखान्यात पेशंटना नंबर देण्याचे काम करते. हे वाक्य तिथेही चालते.)

साहेबांनी रीतसर तपासणी केली. निष्कर्ष पुढीलप्रमाणे. घड्याळाचे आकडे सडपातळ झाले होते. वेळ तीच होती. टॉर्चच्या जागी कॅमेरा आला होता, त्यामुळे अंधारात चाचपडणाऱ्या माणसाला उजेड मिळत नसला तरी चाचपडतानाचा फोटो मिळत होता. जिथे 'हो' आणि 'नाही' असे विचारले जायचे तिथे आता 'हो' आणि 'नंतर' असे विचारले जात होते. शिवाय फोनने आपण होऊन 'हळवे क्षण' नावाचा अल्बम तयार केला होता. त्यात गंजलेले ब्रेक, झिजलेल्या पुल्या आणि तेलकट मशीनच्या खोल्या एकामागून एक संथ बासरीच्या सुरावर सरकत होत्या. (साहेबांनी तो शेवटपर्यंत पाहिला. या एका बाबतीत ते कंपनीशी न्यायाने वागले.)

कंपनीच्या पाहणीनुसार शंभरातले सत्त्याण्णव ग्राहक नव्या रूपावर समाधानी होते. उरलेले तिघे तक्रारीचे बटण कुठे गेले ते शोधत असावेत.

एक बदल मात्र तपासणीत सुटला, कारण कोणाचा फोन आल्याशिवाय तो दिसत नाही. पूर्वी फोन घ्यायचा तर हिरवा ठिपका उजवीकडे ओढायचा. आता तो डावीकडे ओढायचा होता. उजवीकडे ओढला की फोन कापला जाई, आणि समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून मालकाच्या वतीने एक निरोप आपोआप जाई: 'मी सध्या बोलू शकत नाही. काय काम आहे?' माणसे एकमेकांशी सौजन्याने वागत नाहीत, हे कंपनीला ठाऊक होते. ते काम तिने विनामूल्य अंगावर घेतले होते.

दोन दिवसांनी, साहेब गालाला साबण लावून आरशासमोर उभे असताना, सायकलची घंटा वाजली.

हातातला ब्रश बेसिनमध्ये पडला. साहेबांनी ओल्या बोटाने ठिपका उजवीकडे ओढला, फोन कानाला लावला आणि "ताई" म्हणाले. पलीकडे काहीच नव्हते. घंटा पुन्हा वाजली; त्यांनी पुन्हा ओढला, या वेळी जास्त जोर लावून. तिसऱ्या वेळी फोनलाच दया आली. पडद्यावर आले: 'या व्यक्तीचे फोन आपण सारखे कापत आहात. आपल्याला त्रास होऊ नये म्हणून ही व्यक्ती आम्ही बंद केली आहे.' त्याखाली त्यांनी ताईला पाठवलेले निरोप शिस्तीत उभे होते. काय काम आहे? काय काम आहे? काय काम आहे?

सुनेने ती बंदी उठवून दिली. साबण वाळून गालाला तडे गेले होते. त्याच अवस्थेत साहेबांनी, रुसवा सुरू झाल्यापासून प्रथमच, ताईला आपण होऊन फोन लावला. तो वाजला, कापला गेला आणि तत्परतेने उत्तर आले: 'मी सध्या बोलू शकत नाही. काय काम आहे?'

"बघ," साहेब म्हणाले. "शब्दाला शब्द. जशीच्या तशी परतफेड."

"अहो बाबा, आत्याबाईंच्या फोनलाही अपडेट आलं असेल."

"ती असंच बोलते. लहानपणापासून."

सुनेने कपाळाला हात लावला आणि मदतकेंद्राचा नंबर जोडून दिला. पलीकडचा तरुण अतिशय नम्र होता.

"सर, आपला अनुभव सुधारला आहे."

"माझा?"

"एकूण, सर."

"ठिपक्याची दिशा का बदलली?"

"दिशा सुधारली आहे, सर."

"कारण काय?"

तरुणाने कळा बडवल्याचा आवाज आला. हा प्रश्न त्याच्या समोरच्या पडद्यावर नसावा. "सर, आमच्यासुद्धा फोनवर बदलली," तो आवाज खाली आणून म्हणाला. "मी परवा बायकोचा फोन कापला. अजून माहेरी आहे ती." मग आवाज पूर्वपदावर आणून त्याने विचारले, "आपल्या शंकेचं समाधान झालं का? हो की नंतर?"

मधल्या काळात तासभर गेला होता. ताई फोन कापते, आपलाही कापला जातो, आणि कारण सांगायला कोणी जागेवर नाही, अशी लिफ्ट साहेबांनी कधीच चालू राहू दिली नसती. त्यांनी दाढी पुरी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि ते ताईच्या इमारतीशी जाऊन उभे राहिले.

लिफ्ट चालू होती. तिच्यातली गोल बटणे जाऊन तिथे काळी काच आली होती आणि बाजूला पाटी लावली होती: 'आपला प्रवास अधिक सुखकर व्हावा यासाठी'. का, कोणी, केव्हा, काही नाही. मशीनच्या खोलीची किल्ली आता त्यांच्याकडे नव्हती. कार्ड पाहिल्याशिवाय लिफ्टमध्ये पाय ठेवायचा नाही, हा नियम मात्र होता. ते जिन्याकडे वळले.

चढता चढता त्यांना बंद लिफ्टचे परिणाम दुसऱ्या बाजूने तपासण्याची संधी मिळाली. मधल्या एका मजल्यावर ते कोणाच्या तरी चपलांच्या कपाटावर टेकले. त्या घरातल्या बाईंनी दार किलकिले करून पाहिले आणि काही न बोलता पाण्याचा पेला पुढे केला. असे टेकणारे त्यांनी पूर्वीही पाहिले असावेत. साहेबांचा अहवाल तयार होता आणि तो त्यांच्या स्वतःच्या विरुद्ध होता. चौथ्या मजल्यावर पोचले तेव्हा ताईच्या दारावरची घंटा दाबण्याइतकाच दम उरला होता.

ताईने दार उघडले. डावा गुडघा चोळत ती त्यांच्याकडे पाहत राहिली.

"लिफ्ट चालू आहे रे."

"कार्ड... बघितलं नाही."

"अजून तेच का?" ती म्हणाली. "आणि काय रे, तीनतीनदा विचारतोस काय काम आहे, काय काम आहे. तुझ्याकडे कसलं काम असणार माझं?"

"ते मी नाही. फोनने विचारलं. ठिपका उलटा फिरवलाय त्यांनी."

"कोणी?"

"ते लिहिलेलं नाही."

ताईने त्यांना आत घेतले. साहेब खुर्चीत बसले, श्वास जागेवर आला आणि मग त्यांनी आयुष्यभर विचारलेला प्रश्न विचारला. "तू फोन का केलास?"

"मी कुठे केला?"

"सायकलची घंटा वाजली."

"मी काढून टाकत होते तुला," ताई शांतपणे म्हणाली. "फोनमधून. पूर्वी नावावर बोट धरून ठेवलं की 'काढायचं का' विचारायचा. आता बोट धरलं की लागतोच."

"तीनदा?"

"पूर्वी रोज धरायचे. तो विचारायचा, 'नक्की?' मग मी म्हणायचे, उद्या बघू." ती उठून गॅसजवळ गेली. "आता विचारतच नाही मेला."

चहा मात्र या वेळी मिळाला. कपाला ओठ लावतात तोच दोघांचेही फोन एकदम थरथरले: नवीन अपडेट उपलब्ध आहे. किरकोळ सुधारणा. हो की नंतर? ताई नुकतीच त्या सायकलच्या मागच्या चाकात बारक्याचा पाय कसा अडकला होता ते सांगू लागली होती. मध्ये खोळंबा नको म्हणून साहेबांनी न वाचता 'हो' दाबले.

महिन्याच्या अहवालात कंपनीने नमूद केले, की दोन ज्येष्ठ ग्राहकांमधला संपर्क सुधारला असून ते नव्या रूपावर समाधानी आहेत. ते खोटे नव्हते.

आता वाचणारा म्हणेल, कारणसाहेबसुद्धा शेवटी न वाचता 'हो' म्हणाले. म्हणावे खुशाल. ही गोष्ट सुरू झाली तेव्हा ताई तिसऱ्या मजल्यावर राहत होती आणि तिचा उजवा गुडघा दुखत होता. मध्यंतरी तिला एक मजला वर नेले आणि दुखणे डाव्या गुडघ्यात हलवले. बदल किरकोळ आहेत; वाचण्याचा एकूण अनुभव सुधारावा म्हणून केले. आपण मान्य केलेत, त्याबद्दल आभार. खात्री करून घ्यायची असेल तर पुन्हा वर जाऊन यावे. जिन्याने.